रेडमाइन स्वतःच्या सर्व्हरवर बसवतोय, ५०२ ने जीव खाल्लाय

चिकटराम | शुक्रवार, रात्री १०:५२

मंडळी, दोन दिवस एकट्याने झुंजलो, आता शरण आलोय.

आम्ही बारा जण मिळून हौसेने जुन्या ध्वनिफितींचं डिजिटायझेशन करतो. कुणाकडे कुठली फीत आहे, कुठवर काम आलंय, हे सगळं आजवर एका स्प्रेडशीटमध्ये होतं. त्या शीटला आता अकरा टॅब झालेत आणि त्यातल्या तिघांच्या नावात 'फायनल' आहे. म्हणून रेडमाइन, म्हणजे कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं. मुक्तस्रोत आहे, २००६ पासून टिकून आहे, आणि दिसायला इतकं रुक्ष की कुणी रंग बदलत बसणार नाही.

भाड्याचा छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) आहे. १ जीबी रॅम, एक कोअर, २५ जीबी डिस्क, त्यावर आल्मालिनक्स (लिनक्सचा एक प्रकार). पोस्टग्रेस (डेटाबेस) घातलं, रुबी (रेडमाइन जिच्यात लिहिलंय ती भाषा) घातली, रेडमाइन ५.१ घातलं. रेडमाइन चालवणारा प्यूमा सर्व्हर ३००० पोर्टवर चालतोय. सर्व्हरवर बसून कर्ल (टर्मिनलमधून पान मागवणारी कमांड) मारला की लॉगिनचं पान व्यवस्थित येतं. पुढे एंजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा वेब सर्व्हर) ठेवला, ब्राउझरमध्ये डोमेन टाकलं, की '५०२ बॅड गेटवे'. कॉन्फिग तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलून पाहिलं, तिन्हींनी ५०२ च दिला.

प्रश्न: हे का होतंय? एंजिनएक्स सोडून अपाची (दुसरा वेब सर्व्हर) घेऊ का? की डॉकर (सगळं एका डब्यात बांधून चालवणारं साधन) वापरायला हवं होतं?

ता.क. इथे सगळं देवनागरीत लिहितोय. कमांड तशाच टर्मिनलमध्ये चिकटवू नका, तो हसेल.

खटपट्या | शुक्रवार, रात्री ११:०५

५०२ म्हणजे निम्मी चांगली बातमी. एंजिनएक्स जिवंत आहे, पाहुण्याला दारात घेतोय, पण आतल्या माणसाशी त्याचं बोलणं होत नाहीये. कॉन्फिग बदलत बसू नका. एंजिनएक्सच्या एरर लॉगची शेवटची ओळ इथे टाका. त्यात 'कनेक्ट फेल्ड' असं असेल आणि कंसात एक आकडा असेल. मला फक्त तो आकडा हवाय.

अर्धा कप | शुक्रवार, रात्री ११:०९

खूण ठेवतोय. मीही याच खड्ड्यात पडणार आहे, फक्त पुढच्या महिन्यात.

निवांत_नाना | शुक्रवार, रात्री ११:३१

एक उलटा प्रश्न विचारतो, राग मानू नका. बारा माणसांसाठी सर्व्हर कशाला? तयार सेवा मिळतात, लहान गटांना फुकटही मिळतात. सर्व्हर घेतला की तुम्ही ध्वनिफितींचं काम सोडून सर्व्हरचं काम करायला लागता. सुरक्षा अपडेट, बॅकअप, सर्टिफिकेट, रात्री बंद पडला तर फोन. मी चार वर्षं केलंय हे. शेवटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्व्हरचंच एक वेगळं प्रोजेक्ट त्या सर्व्हरवर उघडलं होतं. सर्वांत जास्त टास्क त्यातच होते.

मुग्धा_क | शुक्रवार, रात्री ११:४४

नाना :D

पण तयार सेवेत पाच वर्षांचा इतिहास अडकला आणि त्यांनी फुकटची योजना गुंडाळली की काय होतं तेही पाहिलंय. आमच्याकडे निर्यात करून जी फाइल मिळाली, तिच्यात टास्क होते, पण त्यांच्याखालची चर्चा गायब. निर्णय का घेतला हे सगळं चर्चेतच होतं. डेटाबेस आपल्या हातात असण्याला किंमत आहे.

डबा_वाहक | शनिवार, सकाळी ७:१५

डॉकर, डॉकर, डॉकर. रेडमाइनची अधिकृत इमेज (तयार डबा) आहे. एक कम्पोज फाइल, एक कमांड, काम फत्ते. रुबीची आवृत्ती जुळते का, जेम (रुबीचे जोडभाग) बिल्ड होतात का, ही कटकटच नाही. रेडमाइन ५.१ ला रुबी २.७ ते ३.२ लागते, ३.३ घातलीत की बोंब. इमेजमध्ये हे सगळं आधीच जुळवलेलं असतं.

पोळलेली | शनिवार, सकाळी ८:०२

@डबा_वाहक, डॉकरबद्दल माझं काही वाकडं नाही, पण 'एक कमांड' म्हणाल तर माझी गोष्ट ऐका.

मीही ती एक कमांड मारली होती. डेटाबेस वेगळा दिला नाही तर ती इमेज गुपचूप एसक्यूलाइट (एका फाइलमधला डेटाबेस) वापरते. सगळं छान चाललं, सहा आठवडे. मग नवी आवृत्ती आली. जुना कंटेनर (चालू डबा) काढला, नवा लावला. लॉगिनचं कोरं करकरीत पान समोर. व्हॉल्यूम (डब्याबाहेर डेटा ठेवायची जागा) जोडलेलाच नव्हता, डेटा कंटेनरच्या पोटात होता आणि कंटेनर मी स्वतःच्या हाताने काढून टाकलेला. सहा आठवड्यांचं काम मेलच्या नोटिफिकेशनमधून वाचून परत भरलं. तेव्हापासून हे टोपणनाव.

आणि दुसरं. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (फायरवॉल) लावून ३००० पोर्ट बंद केला, निर्धास्त झाले. डॉकर पोर्ट प्रकाशित करताना आयपीटेबल्समध्ये (कर्नलच्या फायरवॉलमध्ये) थेट आपले नियम घालतो, यूएफडब्ल्यूला विचारतही नाही. बाहेरून ३००० सताड उघडा होता. पोर्ट देताना पुढे १२७.०.०.१ लिहायचं, म्हणजे फक्त त्याच मशीनला दिसतो.

डबा_वाहक | शनिवार, सकाळी ८:२०

व्हॉल्यूम न जोडणं ही डॉकरची चूक नाही हो.

पोळलेली | शनिवार, सकाळी ८:२१

नाहीच. माझीच. म्हणून तर सांगतेय.

चिकटराम | शनिवार, सकाळी ९:४०

@खटपट्या, सापडली ओळ. 'कनेक्ट फेल्ड (१३: परमिशन डिनाइड) व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम'. परवानगी कशाची? रेडमाइनच्या फोल्डरला सगळ्या परवानग्या दिल्यात, हताश होऊन ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) सुद्धा करून पाहिलं.

खटपट्या | शनिवार, सकाळी ९:५८

आधी ते ७७७ काढा. आत्ता. मग पुढचं वाचा.

फोल्डरशी याचा काही संबंध नाही. एंजिनएक्स रेडमाइनच्या फायली उघडतच नाहीये, तो ३००० पोर्टवर दार ठोठावतोय. प्यूमा बंद असता तर १११ आला असता, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हणजे त्या पत्त्यावर कुणी ऐकतच नाही. तुमचा आलाय १३. म्हणजे ठोठावायला निघालेल्या हाताला कर्नलनेच धरलंय. आल्मालिनक्स रेड हॅटच्या घराण्यातला, तिथे एसईलिनक्स (कर्नलमधला सुरक्षारक्षक) जागा असतो, आणि वेब सर्व्हरने आपणहून दुसरीकडे नेटवर्क जोडणी करणं त्याच्या लेखी संशयास्पद. ऑडिट लॉगमध्ये 'डिनाइड' शेजारी 'नेम_कनेक्ट' दिसेल, खात्री करून घ्या.

उपाय एका ओळीचा: 'सेटएसईबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १'. नावात एचटीटीपीडी असलं तरी एंजिनएक्सलाही तेच लागू. मधला -पी विसरलात तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर परत पहिल्यापासून.

बिनधास्त७ | शनिवार, सकाळी १०:१०

एवढा कुटाणा कशाला? एसईलिनक्स बंद करा, मोकळे व्हा. मी प्रत्येक सर्व्हरवर पहिलं काम तेच करतो.

खटपट्या | शनिवार, सकाळी १०:१४

किल्ली सापडेना म्हणून दाराची चौकटच उपटण्यातला प्रकार. एक स्विच चालू करायचाय त्यांना.

बिनधास्त७ | शनिवार, सकाळी १०:१७

दहा वर्षांत काही झालं नाही माझं.

खटपट्या | शनिवार, सकाळी १०:१९

झालं असेल तर कळायचं कसं, लॉगही बंदच ना?

(मध्ये नऊ प्रतिसाद याच भांडणाचे. संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

चिकटराम | शनिवार, सकाळी ११:०३

आलं!!! पान आलं! दोन दिवस कॉन्फिग बदलत होतो आणि कॉन्फिग पहिल्यापासून बरोबर होतं.

अर्धा कप | शनिवार, सकाळी ११:०६

अभिनंदन. आता ॲडमिनचा पासवर्ड बदला. नवीन रेडमाइनमध्ये युजरही 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन' असतो, आणि हे सगळ्या जगाला माहीत आहे.

तिरपी_रेघ | शनिवार, दुपारी १२:३०

एंजिनएक्सचा विषय निघालाच आहे तर माझाही एक दिवस वाया गेलेला इथे जमा करते. डेबियनवर 'साइट्स-एनेबल्ड' फोल्डरमधली प्रत्येक फाइल तो वाचतो, नाव काहीही असो. मी बदल करण्याआधी त्याच फोल्डरात जुन्या कॉन्फिगची प्रत 'रेडमाइन.जुनं' नावाने ठेवली. शहाणपणा! दोन्ही फायली लागू झाल्या, त्यात जुनी आधी. नवी फाइल कितीही बदला, साइट ढिम्म. 'एंजिनएक्स -टी' मारलं तेव्हा 'कन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम' ही सूचना दिसत होती, पण खाली 'टेस्ट इज सक्सेसफुल' लिहिलेलं असल्यामुळे मी वरची ओळ वाचलीच नाही.

शिवाय दोन वर्षं मी त्याला 'न्गिंक्स' म्हणत होते.

अर्धा कप | शनिवार, दुपारी १२:३३

'न्गिंक्स' ऐकून एखाद्या पाणपक्ष्याचं नाव वाटतंय.

चिकटराम | शनिवार, सायंकाळी ६:१८

नवं संकट. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट घेतलं, एचटीटीपीएस चालू झालं, हिरवंगार सगळं. पण लॉगिन केलं की 'इनव्हॅलिड फॉर्म ऑथेंटिसिटी टोकन'. पासवर्ड बरोबर आहे, कुकी साफ केल्या, दुसरा ब्राउझर पाहिला. एचटीटीपीवर असताना लॉगिन होत होतं.

खटपट्या | शनिवार, सायंकाळी ६:४०

ब्राउझर म्हणतोय 'मी एचटीटीपीएसवरून आलो'. एंजिनएक्स कुलूप बाहेरच उघडतो आणि आत साध्या एचटीटीपीने निरोप देतो. रेडमाइन दोन्ही ताडून बघतं, जुळत नाहीत, मग कुणीतरी फसवतंय असं समजून फॉर्म नाकारतं. रेडमाइनच्या प्रॉडक्शन लॉगमध्ये 'ओरिजिन हेडर डिडन्ट मॅच' असं सापडेल.

एंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सीच्या (निरोप आत पोचवणाऱ्या) भागात तीन हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) हवेत: 'होस्ट', 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' आणि 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो'. तिसरं तुमच्याकडे नाहीये, पैज. त्याची किंमत '$स्कीम'. आणि प्रॉक्सीच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' लिहू नका, १२७.०.०.१ लिहा. लोकलहोस्टचा अर्थ कधी आयपीव्ही६ चा पत्ता लागतो आणि प्यूमा तिथे ऐकत नसतो.

चिकटराम | शनिवार, सायंकाळी ६:५१

पैज जिंकलात. झालं लॉगिन.

मुग्धा_क | शनिवार, सायंकाळी ७:२५

आता लोकांना निमंत्रण पाठवण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन 'होस्ट नेम' बघा. मूळ किंमत 'लोकलहोस्ट:३०००' असते. आम्ही तीसजणांना निमंत्रणं पाठवली आणि प्रत्येकाच्या मेलमधली लिंक त्याच्या स्वतःच्याच संगणकाकडे बोट दाखवत होती. तीसपैकी चौघांनी कळवलं. बाकीच्यांनी 'आपल्याला काय कळतंय' म्हणून सोडून दिलं, आणि त्यातले काही परत कधी आलेच नाहीत. सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी हसं करून घेतं ना, ते मग पुसलं जात नाही.

मेल जातच नसेल तर २५ पोर्ट तपासा. बरेच व्हीपीएसवाले तो बाहेर जायला बंद ठेवतात. ५८७ वापरून एखाद्या मेल सेवेमार्फत पाठवा.

चिकटराम | रविवार, सकाळी १०:११

मुग्धाताई, निमंत्रणाचं बटण दाबायच्या बेतातच होतो. लोकलहोस्टच होतं तिथे. _/\_

आता फाइल चढवताना ४१३ (फाइल फार मोठी) येतोय. रेडमाइनच्या पानावर तर 'कमाल ५ एमबी' लिहिलंय आणि माझी फाइल ३ एमबीची आहे.

तिरपी_रेघ | रविवार, सकाळी १०:३०

रेडमाइनपर्यंत फाइल पोचतच नाहीये. एंजिनएक्सची स्वतःची मर्यादा १ एमबी असते, त्याहून मोठं काही आलं की तो दारातूनच परत पाठवतो. 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज' वाढवा आणि ती रेडमाइनच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे नकार आला तर रेडमाइनकडून समजेल अशा भाषेत येईल.

पण ध्वनिफिती रेडमाइनमध्ये चढवणार असाल तर थांबा. सीडीच्या दर्जाची, दोन चॅनलची वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ एमबी होते. २५ जीबीची डिस्क ३०-३५ फितींत खलास, आणि डिस्क भरली की पोस्टग्रेसही आडवा होतो.

चिकटराम | रविवार, सकाळी १०:४४

नाही नाही, ध्वनी वेगळीकडे आहे. इथे फक्त वेष्टनांचे फोटो आणि टिपा. फायलींची नावं मात्र मराठीत आहेत, त्याने काही बिघडतं का?

पोळलेली | रविवार, सकाळी ११:१५

बिघडत नाही, पण एक गंमत माहीत असू द्या. रेडमाइनच्या 'फाइल्स' फोल्डरात वर्ष आणि महिन्याचे उपफोल्डर असतात. आत साध्या रोमन नावाची फाइल वेळेचा शिक्का लावून त्याच नावाने पडते. नाव देवनागरीत असलं की नावाऐवजी ३२ अक्षरांचा हॅश (नावावरून काढलेला संकेत). खरं नाव फक्त डेटाबेसात. म्हणजे तुमचं फोल्डर उघडलं तर आत 'वेष्टन_मागची_बाजू' दिसणार नाही, नुसते आकडे-अक्षरं दिसतील.

याचा अर्थ बॅकअप दोन्हींचा हवा, पीजीडम्पने (पोस्टग्रेसची प्रत काढणाऱ्या कमांडने) डेटाबेसचा आणि फोल्डरचाही, एकाच सुमाराला. नुसतं फोल्डर उरलं तर हाती नावं नसलेल्या फोटोंचा ढीग. नुसता डेटाबेस उरला तर नावंच नावं. आणि तो बॅकअप त्याच डिस्कवर ठेवलात तर तुमचं टोपणनाव मी बदलून देईन.

अर्धा कप | रविवार, सकाळी ११:२२

पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल घेतलं तर मराठीचं काही होतं का? आमच्याकडे तेच आहे.

तिरपी_रेघ | रविवार, सकाळी ११:५०

डेटाबेस तयार करताना 'यूटीएफ८एमबी४' सांगा. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' हे अर्धवट आहे, एका अक्षराला तीन बाइटपर्यंतच. देवनागरी अक्षरं बरोबर तीन बाइटची, त्यामुळे मराठी छान बसते आणि आपण गाफील राहतो. मग कुणीतरी टास्कमध्ये हसरा चेहरा टाकतं, तो चार बाइटचा, आणि सेव्ह करताना एरर. ८.० पासून यूटीएफ८एमबी४ हेच मूळ आहे, त्याआधी तर 'लॅटिन१' असायचं. त्यात मराठी लिहिलं की ओळभर प्रश्नचिन्हं.

निवांत_नाना | रविवार, दुपारी १:०५

मोजतोय मी. एसईलिनक्स, हेडर, मेल, ४१३, बॅकअप. ध्वनिफिती किती झाल्या या आठवड्यात?

चिकटराम | रविवार, दुपारी १:०९

शून्य. :(

चिकटराम | मंगळवार, सकाळी ६:३०

सर्व्हरवाल्यांनी रात्री देखभालीसाठी मशीन रीस्टार्ट केलं. सकाळी परत ५०२. पोटात गोळा आला, पण आधी लॉग उघडला. कंसात १११. म्हणजे या वेळी एसईलिनक्स नाही, प्यूमाच झोपलाय. आठवलं, तो मी टर्मिनलमधून हाताने सुरू केला होता! सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू ठेवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस लिहिली. नुसतं 'स्टार्ट' केलं की आत्तापुरता चालतो, 'एनेबल' केलं तरच पुढच्या रीस्टार्टला आपला आपण उठतो, हे या निमित्ताने कळलं. मुद्दाम रीस्टार्ट करून पाहिलं, उठला.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ८:००

आता मला कुणी विचारत नाही. :)

एक राहिलं. १ जीबी रॅममध्ये प्यूमाचे वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) वाढवू नका, माझ्याकडे एकेक दोन-तीनशे एमबी खातो. २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा. नाहीतर पुढचं अपग्रेड करताना जेम बिल्ड होता होता कर्नल कुणाचा तरी बळी घेईल, आणि घेतो तेव्हा बहुधा डेटाबेसचाच. 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर समजा.

आणि सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) ते आपोआप नवं करतो, पण एंजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतो. नूतनीकरणाच्या हुकमध्ये (नवं झालं की आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) रीलोड घाला. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून मेल यायची, २०२५ च्या जूनपासून त्यांनी ती बंद केलीय.

गंगाराम_धोपट | मंगळवार, दुपारी ३:४०

उशिरा आलो. मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही: अपाची की एंजिनएक्स?

मी अपाचीवर पॅसेंजर (प्यूमाच्या जागी रेडमाइन चालवणारा) लावून रेडमाइन बरीच वर्षं चालवलंय. फायदा असा की प्यूमा वेगळा सांभाळावा लागत नाही, अपाची उठला की रेडमाइन उठतं; मंगळवारची सकाळ चुकली असती. तोटा असा की माझ्याकडे बराच वेळ कुणी आलं नाही की पॅसेंजर प्रोसेस बंद करायचा, आणि मग पहिल्या माणसाला पान उघडायला ताटकळावं लागायचं. सोमवारी सकाळी पहिला लॉगिन करणारा दर वेळी तक्रार करायचा, आणि तो आमचा साहेब होता. किमान एक प्रोसेस कायम जागी ठेवण्याची सेटिंग सापडायला मला सहा महिने लागले.

बारा माणसांना वेगात काडीचा फरक कळणार नाही. ज्याचा लॉग वाचता येतो तो घ्या.

चिकटराम | मंगळवार, रात्री ९:१५

मग एंजिनएक्सच. त्याचा लॉग आता पाठ झालाय.

बाकी अहवाल: बारापैकी आठजणांनी लॉगिन केलंय. स्प्रेडशीट फक्त वाचनापुरती ठेवली. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जातो, आणि पोळलेली यांच्या धाकाने तो एकदा रिकाम्या मशीनवर परत बसवूनही पाहिला. पहिल्यांदा बसला नाही, पीजीडम्पची आवृत्ती जुनी होती. दुसऱ्यांदा बसला, फोटोंची मराठी नावं जागच्या जागी.

नाना, आज एक फीत झाली.

निवांत_नाना | मंगळवार, रात्री ९:२०

टास्क बंद केलात का पण?

चिकटराम | मंगळवार, रात्री ९:२३

उघडायचाच राहिला होता. उघडतो आणि बंद करतो.